वादकांविना वाद्यवृंद

‘नागिन’ची बीन ऐकली नाही असा माणूस महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही. वरातीतल्या बँडने ती धून धरली की कोणीतरी रुमालाचं टोक दातात धरून डोलायला लागतो आणि दुसरा कोणीतरी इस्त्रीच्या कपड्यांची पर्वा न करता भर रस्त्यात लोळण घेतो. मात्र १९५४ सालच्या त्या चित्रपटात जी बीन वाजते ती गारुड्याची भोपळ्याची पुंगी नाहीच. ते क्लॅव्हायोलीन नावाचं विजेवर चालणारं वाद्य आहे. वाजवणारे होते कल्याणजी वीरजी शहा, म्हणजे पुढे कल्याणजी-आनंदजी या जोडीतले कल्याणजी. जोडीला हार्मोनियमवर रवी, तेही पुढे स्वतंत्र संगीतकार झाले. चित्रपटाचं संगीत हेमंतकुमारांचं.

क्लॅव्हायोलीन फ्रान्समध्ये काँस्टंट मार्टिन यांनी १९४७मध्ये तयार केलं. हार्मोनियमसारखी पण लहानशी पट्टी, आत व्हॉल्व्ह, शेजारी स्पीकरची पेटी. एका वेळी एकच सूर निघणार. आत वारा नाही, तार नाही, कातडं नाही. व्हॉल्व्हच्या मंडलात विजेचा प्रवाह सेकंदाला काहीशे वेळा झटक्याने वरखाली होतो आणि त्या झटक्यांनी स्पीकरचा पडदा थरथरतो. थरथर झटक्याची असल्यामुळे मूळ सुरासोबत वरचे उपस्वर भरपूर निघतात आणि आवाज नाकातून आल्यासारखा लागतो. पुंगीतली वेताची जिभळीही हवेचा झोत असाच झटक्याने तोडते. त्यामुळे कारखान्यात बनलेलं हे यंत्र आणि पुंगी यांचे आवाज एकमेकांच्या इतके जवळ आले, की श्रोत्यांनी सत्तर वर्षं त्याबद्दल तक्रार केलेली नाही.

इलेक्ट्रॉनिक संगीताची गोष्ट सांगताना बहुतेक लोक इथेच अडकतात. नवे आवाज आले, विचित्र आवाज आले, खोटे आवाज आले, एवढ्यावर चर्चा संपते. ‘नागिन’च्या वेळी आवाज नवा होता, गाणं करायची रीत मात्र जुनीच होती. कल्याणजी क्लॅव्हायोलीन घेऊन बसले ते बाकीच्या वादकांसोबत, गायिकेच्या वेळेला, एकाच ठिकाणी. खरा बदल नंतर झाला. संगीत ही माणसांनी एकत्र जमून, एकाच वेळी करायची गोष्ट होती. यंत्रांनी ती ‘एकाच वेळी’ची अट काढून टाकली. बाकीचे सगळे बदल त्या एका बदलाच्या पोटातून निघालेले आहेत.

ही अट काय होती ते समजायला पन्नास-साठच्या दशकांतल्या मुंबईच्या ध्वनिमुद्रणाकडे बघावं. ताडदेवचं फिल्म सेंटर, वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ, असे थोडके दिवाणखाने. चाल संगीतकाराची. ती कोणत्या वाद्यांनी सजवायची, मधल्या जागा कशाने भरायच्या, व्हायोलिनांच्या कोणत्या रांगेने काय वाजवायचं, हे लिहून काढायचं काम अरेंजरचं. हा अरेंजर बहुधा गोव्याचा असे. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्याकडे सेबास्टियन डिसोझा, सी. रामचंद्रांकडे चिक चॉकलेट. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवलं जाई. तो कागद वाचता येणं ही त्या काळच्या मुंबईत फार मोठी पुंजी होती, कारण साठ-सत्तर माणसांना एकाच वेळी एकच काम बिनचूक करायला लावायचं तर प्रत्येकापुढे कागद हवाच. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्व्हिस याच परंपरेतले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले आणि ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यातून गुरूचं ते नाव घराघरात गेलं. गोन्साल्व्हिस यांनी १९५८मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात भारतीय रागांवरचा वाद्यवृंद उभा केला होता, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना आठवते.

सकाळी वादक जमायचे, तालीम व्हायची. मग ‘मॉनिटर’, म्हणजे ध्वनिमुद्रकाने काचेपलीकडून ऐकून माइकांचा तोल साधायचा. तोल साधायचा याचा अर्थ बटणं फिरवणं एवढाच नव्हता. माइक मोजके, त्यामुळे ट्रम्पेटवाल्याला मागे भिंतीपाशी पाठवायचं, बासरीवाल्याला पुढे ओढायचं, ढोलकीखाली गालिचा सरकवायचा. गायिका एका कोपऱ्यातल्या खोलीत. मग टेक. तीन मिनिटं वीस सेकंद सगळे श्वास धरून. तिसऱ्या अंतऱ्यात एखाद्याचा गज घसरला की पुन्हा पहिल्यापासून, सगळ्यांनी. जे मुद्रित झालं ते झालं. नंतर व्हायोलिन थोडं कमी कर आणि तबला थोडा वाढव, असं म्हणायची सोय नव्हती. तो तोल तिथल्या तिथे ध्वनिमुद्रकाच्या बोटांखाली पक्का झालेला असे. फिल्म सेंटरच्या मिनू कात्रक यांच्यासारख्या ध्वनिमुद्रकांचं नाव वादकांमध्ये आदराने घेतलं जाई ते यासाठी.

या रीतीची एक खूण आजही कानाला कळते. जुन्या गाण्यांची लय शेवटाकडे किंचित चढलेली असते. ढोलकीवाला तापतो, व्हायोलिनवाले त्याच्या मागे जातात, गायिकेला ते हवंच असतं. कोणी ठरवलेलं नसतं. शंभर कानांनी एकमेकांचं ऐकत घेतलेला तो निर्णय असतो.

ही अट पहिल्यांदा मोडली चुंबकीय फितीने. जर्मनीत एईजी कंपनीने १९३५मध्ये मॅग्नेटोफोन लोकांपुढे आणला. प्लॅस्टिकच्या फितीवर लोहाच्या ऑक्साइडचा थर, आणि आवाजानुसार त्या थराचं कमी-जास्त चुंबकन. दुसरं महायुद्ध संपल्यावर जॅक मलिन या अमेरिकी तंत्रज्ञाने दोन यंत्रं मायदेशी नेली. गायक बिंग क्रॉस्बीला आपले रेडिओ कार्यक्रम आधी मुद्रित करून ठेवायचे होते, म्हणून त्याने अँपेक्स कंपनीत पैसा घातला. त्याने गिटारवादक लेस पॉल याला एक यंत्र भेट दिलं आणि पॉलने त्यावर स्वतःच्याच गिटारीवर स्वतःची दुसरी गिटार चढवायला सुरुवात केली. १९५७मध्ये अँपेक्सने त्याच्यासाठी आठ ट्रॅकांचं यंत्र बनवलं. फीत एकच, तिच्यावर आठ समांतर पट्टे, प्रत्येक पट्ट्यावर वेगळं वाद्य. आणि आधीचे पट्टे कानाला लावून ऐकत पुढचा पट्टा भरायचा. एक माणूस आठ माणसं झाला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती आठ माणसं आठ वेगवेगळ्या दिवशी आली तरी चालू लागलं.

फीत कापताही येई. दाढीच्या ब्लेडने तिरपा छेद द्यायचा आणि चिकटपट्टीने जोडायचं. बीटल्सचं ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ (१९६७) हे याचं सगळ्यांत गमतीदार उदाहरण. जॉन लेनन याला एका टेकची सुरुवात आवडली आणि दुसऱ्या टेकचा पुढचा भाग. दोन्हींची लय वेगळी आणि पट्टीही वेगळी. निर्माते जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांच्या लक्षात आलं, की जो टेक जलद आहे तोच वरच्या पट्टीत आहे. फीत सावकाश फिरवली की लय आणि पट्टी दोन्ही एकदम उतरतात. मग दोन्ही फितींचे वेग जुळवून, एक मिनिटाच्या आसपास सांधा देऊन गाणं एक केलं. असं गाणं कोणीही, कधीही, कुठेही वाजवलेलं नव्हतं. ते फक्त फितीवर होतं.

मुंबईत अनेक ट्रॅकांची सोय सत्तरच्या दशकात हळूहळू रुजली. १९८०च्या ‘कुर्बानी’तलं नाझिया हसनचं गाणं बिद्दू यांनी थेट लंडनमध्ये, चोवीस ट्रॅकांवर मुद्रित केलं आणि इथल्या लोकांना आपल्या गाण्यांचा आवाज एकाएकी पातळ वाटू लागला. त्याच सुमारास ‘डबिंग’ हा मुंबईच्या गाण्यांचा नेहमीचा भाग झाला. वाद्यवृंदाच्या दिवशी मोठी गायिका मोकळी नसली तर एखादी होतकरू गायिका गाऊन ठेवी. मोठी गायिका सवडीने येऊन तिच्या जागी स्वतःचा आवाज भरे. ‘मिस्टर इंडिया’मधलं ‘हवा हवाई’ कविता कृष्णमूर्ती यांनी असंच दुसऱ्या कोणासाठी गाऊन ठेवलं होतं. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांना ते इतकं आवडलं की तोच आवाज कायम झाला. त्या गाण्यात एका शब्दाचा उच्चार चुकलेला आहे. तात्पुरतं म्हणून गायलेलं, चूक तशीच राहिली आणि १९८७पासून सगळा देश ती चूक चालीवर म्हणतो. एकत्र वाजवून केलेल्या गाण्यात ही चूक राहिली नसती, आणि कविता कृष्णमूर्तींना ते गाणंही मिळालं नसतं.

आता आवाज घडवणाऱ्या यंत्रांकडे येऊ. क्लॅव्हायोलीनमध्ये आवाज ठरलेले होते, खटके दाबून त्यातला निवडायचा. रॉबर्ट मूग यांनी १९६४मध्ये अमेरिकेत जो सिंथेसायझर दाखवला त्यात आवाजाचे भाग सुटे केले होते. एक खोका थरथर निर्माण करणार, दुसरा तिच्यातले नको ते उपस्वर गाळणार, तिसरा आवाज किती झटक्याने उठावा आणि किती सावकाश विरावा ते ठरवणार. या सगळ्यांना ताब्यात ठेवायला एकच गोष्ट: विजेचा दाब. एक व्होल्ट वाढवला की सूर बरोबर एक सप्तक चढणार. म्हणजे पट्टीवरच्या बोटाने सूर बदलतो तसा दुसऱ्या एखाद्या खोक्यातून येणाऱ्या विजेनेही बदलेल. वाजवणारा माणूस बाजूला होण्याची शक्यता या एका नियमात दडलेली होती.

वेंडी कार्लोस यांच्या ‘स्विच्ड-ऑन बाख’ या तबकडीने १९६८मध्ये मूगला घरोघरी पोचवलं. पण तेही वाद्य एका वेळी एकच सूर काढणारं. बाखच्या रचनेतले तीन-चार आवाज एकेक करून आठ ट्रॅकांच्या फितीवर रचावे लागले. सिंथेसायझर आणि फीत ही भावंडंच. एकाशिवाय दुसऱ्याचं चालत नव्हतं.

पुढच्याच वर्षी मूगचा एक संच भारतात आला, आणि तो कोणत्या चित्रपट स्टुडिओत न जाता अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत गेला. अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो उभा करून दिला. त्या कामात गीता साराभाई होत्या, ज्यांनी १९४६मध्ये न्यूयॉर्कमध्ये संगीतकार जॉन केजला हिंदुस्थानी संगीताची ओळख करून दिली होती. तीन-चार वर्षं तिथे काही जणांनी अगदी वेगळे प्रयोग केले, मग तो स्टुडिओ थंडावला आणि फिती कपाटात गेल्या. त्या २०२३मध्ये प्रकाशित झाल्या. मुंबईच्या गाण्यावर त्यांचा परिणाम शून्य.

मुंबईत सिंथेसायझर आला तो केर्सी लॉर्ड आणि चरणजित सिंग यांच्यासारख्या कामकरी वादकांच्या हातून. चरणजित सिंग हे नाव मुद्दाम थांबून घ्यावं असं आहे. ‘दम मारो दम’च्या सुरुवातीला जो गुंगवणारा आवाज येतो तो त्यांच्या ट्रान्झिकॉर्ड या विजेवरच्या वाद्याचा. परदेशी बनावटीचं जे नवं वाद्य निघेल ते मिळवायचं आणि स्टुडिओत न्यायचं ही त्यांची सवय. १९८०-८१च्या सुमारास जपानच्या रोलंड कंपनीने दोन यंत्रं काढली होती. एक ‘टीआर-८०८’, ताल वाजवणारं. दुसरं ‘टीबी-३०३’, एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला खर्जाची साथ देणारं. साथीदार म्हणून ते यंत्र साफ फसलं. त्याचा आवाज खऱ्या बेस गिटारसारखा लागतच नव्हता. मात्र त्यात सोळा मात्रांची ओळ भरून ठेवता येई आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. आपल्या कानाला ती सोय मींडेसारखी वाटते, आणि चरणजित सिंग यांच्या कानालाही तशीच वाटली असणार. त्यांनी ही दोन्ही यंत्रं आणि रोलंडचाच ज्युपिटर-८ सिंथेसायझर घेऊन भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बांधले आणि १९८२मध्ये त्याची तबकडी काढली. ती खपली नाही. पाच वर्षांनी शिकागोतल्या तरुणांनी मोडीत निघालेलं हेच टीबी-३०३ घेऊन, त्याची बटणं वाजता वाजता पिरगाळून ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचं नाचाचं संगीत काढलं आणि युरोप त्यावर वेडा झाला. २०१०मध्ये चरणजित सिंगांची तबकडी पुन्हा निघाली तेव्हा परदेशी श्रोत्यांना वाटलं की ही कोणीतरी केलेली चलाखी आहे, इतकं ते ऐंशीच्या दशकातल्या शिकागोसारखं वाजतं. चरणजित सिंगांना शिकागोचं काही माहीत असणं शक्य नव्हतं आणि शिकागोवाल्यांनी त्यांना ऐकलेलं नव्हतं. यंत्र तेच, म्हणून गाव तेच लागलं. मला यात त्यांची थोरवी कमी झालेली दिसत नाही. वाद्य स्वतःकडे किती ओढतं, हे मात्र दिसतं.

यानंतरची पायरी दिसायला अगदी किरकोळ. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलत नसत. रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ यांनी पुढाकार घेतला आणि जानेवारी १९८३मध्ये दोन स्पर्धक कंपन्यांचे की-बोर्ड एका तारेने जोडून दाखवले. या बोलीचं नाव मिडी. मिडीच्या तारेतून आवाज जातच नाही. जाते ती सूचना: साठ नंबरची पट्टी दाबली, एवढ्या जोराने दाबली, आता सोडली. पट्ट्या एकूण १२८, जोराच्या पायऱ्या १२८. एवढ्यावर जगातली बहुतेक लोकप्रिय गाणी चार दशकं चालली आहेत.

सूचना आणि आवाज वेगळे झाले याचा परिणाम फार खोल गेला. आज वाजवलेल्या ओळीला उद्या सतारीचा आवाज द्यायचा की बासरीचा, ते नंतर ठरवता येतं. चुकलेली पट्टी नंतर सरकवता येते. लय वाढवली तरी पट्टी चढत नाही. बीटल्सच्या ध्वनिमुद्रकांना जे जुळवायला कसरत करावी लागली ते आता एका आकड्याचं काम.

पण त्या १२८ पट्ट्या बारा समान भागांच्या सप्तकातून आल्या आहेत, आणि इथे आपल्या संगीताचं गाडं अडतं. समजा तानपुऱ्याची खर्जाची तार सेकंदाला १०० वेळा कंप पावते. जवारी नीट लागली असेल तर तिच्या आवाजात २००, ३००, ४००, ५०० असे उपस्वर ऐकू येतात. ४००चा षड्ज धरला तर ५००चा उपस्वर म्हणजे गवई ज्याला स्वयंभू गांधार म्हणतात तो. की-बोर्डवरचा गांधार मात्र सप्तकाच्या समान वाटणीमुळे जवळजवळ ५०४वर पडतो. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला चार वेळा आवाज लाटेसारखा हलतो. ज्याचा कान तानपुऱ्यावर तयार झालाय त्याला ही लाट दाढेतल्या खड्यासारखी जाणवते. आक्षेप नवा नाही म्हणा. हार्मोनियमवरही हाच ठपका होता आणि आकाशवाणीने १९४०पासून तीन दशकं तिला बंदी घातली होती, तरी संगीत नाटकाने ऑर्गन सोडला नाही आणि भजनीमंडळांनी पेटी सोडली नाही. फरक इतकाच, की पेटीवाला गवयाच्या मागे मागे जात असे. की-बोर्डच्या ट्रॅकवर गायचं तर गवयाने त्याच्या मागे जायचं. तो आधीच मुद्रित झालेला असतो, ऐकणार कोणाचं?

उलट दिशेनेही यंत्र आलं, हेही सांगायला हवं. बंगळूरचे जी. राज नारायण हे विमान कारखान्यात काम केलेले अभियंते आणि बासरीवादक. त्यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक तानपुरा बनवला. मिरजेचे कारागीर कडू भोपळा निवडून, वाळवून, जवारी घासून महिनोन्‌महिने जे घडवतात त्याची सर त्या डबीला नाही. पण चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत तानपुरा ठेवायला जागा नसलेल्या हजारो मुलांचा रियाज या डबीवर झाला, आणि आता तो मोबाइलवरच्या अ‍ॅपवर होतो. माझं मत विचाराल तर इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी शास्त्रीय संगीतावर केलेला हा सर्वांत मोठा परिणाम आहे, आणि तो बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

मुंबईच्या वाद्यवृंदाचा शेवट चेन्नईहून आला. ए. आर. रहमान यांनी १९८९मध्ये कोडंबक्कमच्या घराच्या आवारात स्वतःचा स्टुडिओ बांधला. जाहिरातींच्या जिंगल करता करता तिथे संगणक, सॅम्पलर, सिंथेसायझर जमवले आणि १९९२मध्ये ‘रोजा’ केला. रहमान यांचे आवाज नवे होते हे खरं, पण नव्याने रचलेली होती ती कामाची साखळी. जुन्या रीतीत चाल, मग अरेंजर, मग तालीम, मग एका दिवसात सगळं. इथे रात्री गायक एकटा येतो, तीच ओळ पाच तऱ्हांनी गाऊन जातो. बासरीवाला येतो, त्याला मोकळं वाजवू देतात. मग संगीतकार एकटा बसून यातलं काय ठेवायचं ते ठरवतो. गायकाला आपलं गाणं कसं झालं ते कॅसेट बाजारात आल्यावर कळतं. गाणं लिहिलं जातं आणि मग वाजवलं जातं हा क्रम उलटला. आधी वाजवून ठेवायचं, मग त्यातून गाणं लिहायचं. ‘रोजा’तल्या गाण्यांचा नितळपणा याच रीतीतून आला आहे, आणि ती गाणी शंभर व्हायोलिनांनी चांगली झाली असती असं मी म्हणणार नाही.

मुंबईच्या निर्मात्यांना यात कलेपेक्षा हिशेब लवकर दिसला. दोन की-बोर्डवाले आणि एक ताल-यंत्र यांत ‘स्ट्रिंग्ज’ मिळत असतील तर साठ व्हायोलिनवादकांची पाळी कशाला भरायची? नव्वदचं दशक संपेपर्यंत मोठ्या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण हा अपवाद झाला. ग्रेगरी बूथ यांनी या वादकांच्या मुलाखती घेऊन २००८मध्ये जे पुस्तक लिहिलं, त्यात हा सगळा धंदा आतून दिसतो. ज्या पिढीने स्वरलिपी वाचण्याच्या बळावर गोव्याहून येऊन मुंबईत घर केलं, तिच्या हातातली पुंजीच निकामी झाली. वाजवणारे वाईट वाजवू लागले म्हणून हे झालं नाही. एकत्र वाजवायची गरज संपली म्हणून झालं.

गावोगावी मात्र यंत्राने उलटं केलं, माणसांना काम दिलं. रोलंडचं ऑक्टापॅड १९८५मध्ये निघालं: आठ रबरी चौकोन, काठीचा फटका बसला की खालचा सेन्सर त्याचा जोर मोजतो आणि भरून ठेवलेला आवाज बोलावतो. जपानी अभियंत्यांनी ते ड्रमवाल्यांसाठी केलं असेल, पण ते खरं रमलं ते आपल्या ऑर्केस्ट्रात, बेंजो पार्टीत आणि लावणीच्या रंगमंचावर. एक माणूस, दोन काठ्या, आणि ढोलकी, ढोल, ताशा, हलगी सगळं एका स्टँडवर. जत्रेत पावसाने कातडं उतरायची भीती नाही. हरवतं ते एवढंच: ढोलकीवाला डाव्या हाताचा दाब कमी-जास्त करत जो घुमारा ओढतो तो ऑक्टापॅडवर येत नाही, कारण प्रत्येक फटका एक तयार आवाज बोलावतो आणि तयार आवाजाला मध्येच हाताने वाकवता येत नाही. चांगले लावणीवाले अजून ऑक्टापॅडच्या शेजारी खरा ढोलकीवाला बसवतात, ते उगाच नाही.

गळ्याच्या आवाजाचंही तेच झालं. अँडी हिल्डेब्रँड हे तेल कंपनीत भूकंपलहरींचा अर्थ लावणारे. जमिनीत स्फोट करून परतलेल्या लहरींवरून खालचे थर ओळखायचं गणित त्यांनी गळ्याला लावलं आणि १९९७मध्ये ‘ऑटो-ट्यून’ बाजारात आणलं. लहर स्वतःशीच किती अंतराने जुळते ते पाहून सूर ओळखायचा आणि जवळच्या योग्य सुरावर सरकवायचा. किती वेगाने सरकवायचा यासाठी एक बटण. गायिका शेर हिच्या ‘बिलीव्ह’ या गाण्यात (१९९८) ते बटण शून्यावर नेलं आणि गळा पायऱ्यांवर उड्या मारू लागला. निर्मात्यांनी सुरुवातीला तंत्र लपवायला वेगळ्याच उपकरणाचं नाव सांगितलं होतं. दरबारीतल्या कोमल गांधाराचं आंदोलन या यंत्राला चूक वाटतं. बेसूर गळा त्याने निभावतो, हे सगळे सांगतात. सुरेल गळ्याचं काय होतं ते सांगायला हवं: आंदोलनाच्या जागी एक सपाट, बरोबर सूर उरतो.

शेवटचा विरोधाभास मराठी आहे. करमाळ्याच्या मातीतली प्रेमकथा सांगणाऱ्या ‘सैराट’साठी (२०१६) अजय-अतुल यांनी वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मुद्रित केला, भारतीय चित्रपटासाठी हे पहिल्यांदाच झालं. खऱ्या व्हायोलिनांचा, एका खोलीत एकत्र थरथरणाऱ्या हवेचा आवाज कुठल्याच सॅम्पलमध्ये नाही, हे त्या दोघांना पुरतं ठाऊक होतं. तो हवा म्हणून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जावं लागलं, कारण वांद्र्याला तसे वादक जमवायची व्यवस्था आपणच मोडून टाकली होती. आणि असे वादकही आता कानात क्लिक घेऊनच वाजवतात, म्हणजे लय कोणीतरी आधीच ठरवून दिलेली असते.

एकत्र येण्याची अट सुटत सुटत कुठवर गेली? जानेवारी २०२४मध्ये रहमान यांनी एका तमिळ गाण्यात बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या गायकांचे आवाज वापरले. हमीद १९९७मध्ये वारले होते, बाक्या २०२२मध्ये. यंत्राला त्यांच्या जुन्या मुद्रणांवरून तो गळा शिकवला होता. घरच्यांची परवानगी घेतली आणि मोबदला दिला, असं रहमान यांनी जाहीर केलं. सगळेच असं विचारत नाहीत. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या दाव्यात अंतरिम आदेश देऊन, त्यांचा आवाज परवानगीशिवाय तयार करून देणाऱ्या मंचांना मनाई केली. गायकाचा आवाज ही त्याच्या व्यक्तित्वाची ओळख आहे, असं न्यायालयाने मानलं. सेबास्टियन डिसोझांच्या लिखाणावर वाजवणाऱ्या व्हायोलिनच्या दुसऱ्या रांगेतल्या माणसांचा सूरही त्याच जुन्या मुद्रणांत आहे आणि यंत्राला तोही तितकाच सहज शिकवता येतो. त्यांची नावं मात्र तबकडीच्या वेष्टनावरही छापलेली नव्हती. पाळीचे पैसे घेऊन ती माणसं संध्याकाळच्या लोकलने घरी गेली होती.